आतला पॅड

श्रावणातला शनिवार होता. मुलाला छत्रपती संभाजीनगरला त्याच्या खोलीवर सोडून मी एकटीच परत येत होते. कन्नड मागे पडलं, घाट लागला आणि चार-पाच वळणं उतरल्यावर डाव्या पुढच्या चाकातून आवाज यायला लागला. आधी वाटलं, खडा अडकला असेल. पण ब्रेकवर पाय ठेवला की आवाज, काढला की शांत. तापल्या तव्यावर उलथनं खरवडावं तसा. काच खाली केली तर धुक्यात तो आवाज डोंगराच्या भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत येत होता.

दुसऱ्या गियरमध्ये गाडी टाकली आणि इंजिनाच्या जोरावर उतरत राहिले. ही सवय बापूंची. माझे वडील तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते आणि त्यातली बरीच वर्षं याच घाटानं गेली. मला गाडी शिकवली तेव्हा पहिल्याच दिवशी घाटाच्या पायथ्याशी थांबवून त्यांनी आपल्या अहिराणीत सांगितलं होतं, "माय, ज्या गेरमा चढनी, त्याच गेरमा उतर." पुढे कित्येकदा हेच वाक्य. मला वाटायचं, सगळे जुने ड्रायव्हर सांगतात तसं तेही सांगतात.

आम्ही याला कन्नड घाट म्हणतो. वर्तमानपत्रात औट्रम घाट असं येतं. जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं 1825 मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली, त्याचं नाव या घाटाला चिकटलं ते आजतागायत. चाळीसगावच्या माणसाला मात्र घाट ओळखीचा आहे तो वासानं. माझ्या लहानपणी पायथ्याशी ट्रक ओळीनं उभे असायचे आणि हवेत ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास असायचा. 2021 च्या ऑगस्टअखेर झालेल्या पावसात याच घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला, आणि इकडे खाली तितूर नदी चाळीसगावात शिरली. घाट वरवर शांत दिसतो, पण उतरताना तो गाडीकडून हिशेब मागतो.

घरी पोचले तेव्हा बापू ओसरीवर बाजेवर बसले होते. गाडी अंगणात उभी राहिली न राहिली तोच उठून चाकाजवळ आले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, "मझारतीन लोखंड घासाई राहिनं." आतून लोखंड घासतंय.

मला ते पटेना. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. तिथल्या माणसानं चाकाच्या फटीतून टॉर्च मारली होती आणि कागदावर लिहून दिलं होतं, पुढचे पॅड ठीक. मीही दुसऱ्या दिवशी तशाच टॉर्चनं पाहिलं. बाहेरचा पॅड दिसत होता, जाड, चांगला. बापू माझ्या मागे उभे होते. "बाहेरतीन काय दखस? मझारतीन दख."

आतून पाहायचं तर चाक काढायला हवं. रविवारी सकाळी काढलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून दाबून धरतात ते पॅड. डिस्कच्या बाहेरच्या बाजूच्या पॅडवर सहा मिलिमीटर मसाला, म्हणजे घासणारा थर, शिल्लक होता. नव्या पॅडवर तो साधारण दहा-बारा असतो आणि तीनपर्यंत उतरला की बदलायचा असतो. आतल्या बाजूच्या पॅडवर मसाला नव्हताच. नुसती लोखंडी पट्टी, आरशासारखी चकाकणारी, आणि तिनं डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या पाडल्या होत्या. मी कालच्या घाटात त्या पट्टीच्या भरवशावर उतरले होते. हातातला पाना खाली ठेवून मी जरा वेळ तशीच बसून राहिले.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बावीस वर्षं झाली. घर्षण, उष्णता, पास्कलचा नियम हे सगळं फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू आपोआप चालतो. पण ज्या वस्तूवर माझा आणि माझ्या मुलाचा जीव आहे, ती मी आजवर हातात घेतली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं की पॅड आणि डिस्क मीच बदलणार. बापू नको म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "घाई करानी नही."

आठवडाभर वाचलं, गाडीची पुस्तिका पाहिली, सामान जमवलं. दुकानदारानं मिस्त्रीचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. त्यानं काही न बोलता योग्य मॉडेलच्या दोन डिस्क, पॅडचा संच, क्लिपा आणि ब्रेक क्लीनर काढून दिला. ग्रीस मात्र साधा दिला होता, तो मी परत केला. ब्रेकच्या पिनांना सिलिकॉनचा ग्रीस लागतो. साध्या खनिज तेलाच्या ग्रीसनं आतलं रबर फुगतं. हा ग्रीसचा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा निघाला.

मधल्या एका संध्याकाळी वहीत हिशेब केला. गाडी आणि माणसं मिळून तेराशे किलो धरली आणि ती घाटात तीनशे मीटर खाली आली, तर तिच्या उंचीतली ऊर्जा होते सुमारे 38 लाख ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकनं शोषली तर तेवढ्या उष्णतेत तेरा लिटर पाणी उकळीला येईल. म्हणजे एक भरलेली घागर. ओल्या लाकडांवर घागरभर पाणी तापवायला आई किती वेळ फुंकर घालत बसायची ते मी पाहिलंय. तेवढी आग पंधरा-वीस मिनिटांत चार चाकांनी गिळायची, आणि त्यातही मोठा वाटा पुढच्या दोघांनी, कारण ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. इंजिनाला त्यातलं ओझं उचलू दिलं तर ब्रेकना दम खायला मिळतो. बापूंच्या एका ओळीत हा सगळा हिशेब होता. वर्गात मी तो कधी असा मांडला नव्हता. आता दरवर्षी मांडते.

पुढच्या रविवारी पहाटे साडेसहाला सुरुवात केली. अंगणातला पत्र्याच्या शेडखालचा भाग सिमेंटचा आणि सपाट आहे, तिथे गाडी घेतली. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, हँडब्रेक ओढला. नट जमिनीवरच सैल केले, मग जॅक, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली जॅकस्टँड. गाडीला खांद्यानं जोरात हलवून पाहिलं. बापूंनीही हलवून पाहिलं. ते बाजेवरून उठून लाकडी खोक्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. गुडघा वाकत नाही, पण टॉर्च धरायला हात भक्कम आहे.

पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढले, कॅलिपर तारेनं वर स्प्रिंगला टांगला. त्याला ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचं नसतं; नळी आतून दुखावते आणि बाहेरून कळत नाही. जुनी भुकटी तोंडानं फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. ती श्वासात जाऊ नये. मी ब्रेक क्लीनरनं ओली करून फडक्यानं टिपून घेतली.

मग पिना. या प्रकारच्या ब्रेकमध्ये पिस्टन एकाच बाजूला, आतल्या अंगाला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्याच प्रतिक्रियेनं सगळा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. दोन्ही पॅडनी मिळून डिस्क चिमटीत धरायची. त्यासाठी पिना बोटानं सरकल्या पाहिजेत. वरची सरकली. खालची जागची हलेना. पक्कड लावून, पिळून, तेल सोडून अर्ध्या तासानं ती बाहेर आली, तांबडी, गंजलेली. तिच्यावरचं रबर फुगून फाटलं होतं, आत काळा चिकट ग्रीस होता, साधा, मी दुकानात परत केला तसलाच. कुणीतरी कधीतरी तो भरला होता. रबर फुगलं, फाटलं, पावसाचं पाणी शिरलं, पिन धरली. तेव्हापासून बाहेरचा पॅड नुसता उभा होता आणि आतला एकटा गाडी थांबवत होता. बाहेरून पाहणाऱ्याला जो दिसत होता, त्याला काम नव्हतं म्हणून तो धडधाकट दिसत होता.

मला त्या गॅरेजवाल्याचा राग आला होता, तो त्या पिनेपाशी थोडा निवळला आणि थोडा वाढला. निवळला, कारण असं बिघडणं खरंच फटीतून दिसत नाही. वाढला, कारण चाक न काढता "ठीक" असं लिहून देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला? ब्रेकच्या बाबतीत "पाहिलं नाही" असं लिहिणं हा प्रामाणिक शेरा आहे. तेवढं लिहिलं असतं तर मी चाक काढून घेतलं असतं.

डिस्क मोजण्याची माझी पद्धत सांगते, कारण तिथे मी फसणार होते. घरी माझा स्वतःचा व्हर्नियर आहे, लघुतम माप 0.01 सेंटीमीटर. डिस्कच्या कडेवर लावला, जाडी आली 19.6 मिलिमीटर. किमान जाडी 18, ती डिस्कवरच कोरलेली असते. म्हणजे चांगली? पण कडेला पॅड पोचतच नाही. तिथे गंजाचा उंच काठ तयार होतो आणि व्हर्नियर त्या काठालाच मोजतो. मग दोन रुपयांची दोन नाणी घेतली, झिजलेल्या भागावर दोन्हीकडून एकेक ठेवलं, एकत्र मोजलं आणि नाण्यांची जाडी वजा केली. 17.4. लेथवर घासून सरळ करण्यापुरतंही लोखंड उरलं नव्हतं. उजवी डिस्क 18.6 निघाली, पण ब्रेक जोडीनं बदलतात. एक चाक जास्त पकडणारं आणि एक कमी, अशी गाडी ब्रेक लागला की एका बाजूला ओढते.

डिस्कला हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, धरणारे दोन छोटे स्क्रू होते. पहिला सुटला, दुसऱ्याची खाच झिजायला लागली. बापू म्हणाले, थांब. इम्पॅक्ट ड्रायव्हर त्यांनी स्वतः बसवला, डोळे बारीक करून सरळ आहे का पाहिलं, हातोडी उचलली आणि एकच घाव घातला. स्क्रू फिरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते हातोडी मांडीवर ठेवून घाटाच्या दिशेला पाहत होते. आमच्या अंगणातून आकाश स्वच्छ असलं की डोंगराची रांग दिसते.

"एक सावा," ते म्हणाले, "मन्हाकडतीन चूक व्हयनी व्हती."

मी हबचा गंज पॉलिश पेपरनं घासत होते. हात थांबवला नाही, कारण थांबवला असता तर ते बोलायचे थांबले असते.

मी तेव्हा तिसरीत-चौथीत असेन. औरंगाबादहून शेवटची गाडी, खचाखच भरलेली, कन्नडलाच उशीर झालेला. चाळीसगावला लोकांना पुढची रेल्वे गाठायची होती, ते मागून ओरडत होते. बापूंनी घाट वरच्या गियरमध्ये उतरायला घेतला. पुढे एक लादलेला ट्रक रांगत होता, त्याच्यामागे ब्रेकवर पाय ठेवून ते उतरत राहिले. अर्ध्या घाटात वास आला. आणखी दोन वळणांनंतर पाय दाबत होते आणि गाडी ऐकत नव्हती. ड्रमचे ब्रेक तापले की ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, आणि लायनरचा मसालाही उष्णतेनं पकड सोडतो. हे मी त्यांना सांगू शकले असते. त्यांना ते पायाला कळलेलं होतं. गियर खाली घ्यायला पाहिला, पडेना. मग त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली आणि पत्रा घासत घासत, नालीत चाक उतरवून उभी केली. कुणाला खरचटलंही नाही. लोक खाली उतरून पाया पडू लागले. "त्यासले काय माहीत," बापू म्हणाले, "चूक मन्हीच व्हती."

घरी त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली.

मग मला कळलं, ते वाक्य ते मला प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं का सांगायचे.

मी काही बोलले नाही. हबचा चेहरा स्वच्छ झाला होता, चांदीसारखा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक दाबला की पायाखाली थरथर येते. नवी डिस्क गंज लागू नये म्हणून तेलकट असते. ती क्लीनरनं दोन्ही बाजूंनी पुसली आणि मग तिला बोटं लावली नाहीत. बापूंनी टॉर्च फिरवून डाग राहिलाय का पाहिलं. एक राहिला होता. परत पुसला.

पिस्टन मागे ढकलायला जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्प लावला. त्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून सिरिंजनं थोडं तेल काढून घेतलं, कारण पिस्टन मागे गेला की तेल वर चढतं आणि सांडलं तर रंग खातं. पिस्टन हळूहळू, अर्धा अर्धा आटा देत आत गेला. काढलेलं तेल कोऱ्या चहासारखं होतं. हे तेल हवेतलं पाणी पितं. डॉट 4 जातीचं नवं तेल 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा 155 पर्यंत खाली येऊ शकते. घाटात तेल उकळलं तर नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. तेल बदलून हवा काढायचं काम मी त्याच आठवड्यात ओळखीच्या मिस्त्रीकडून शेजारी उभं राहून करून घेतलं. सगळं स्वतःच केलं पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण कुणी काय केलं ते माहीत हवं.

नवी पिन, नवं रबर, सिलिकॉनचा ग्रीस. कॅलिपर बोटानं सरकवून पाहिला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. बापूंच्या हातात दिला, त्यांनी चार वेळा सरकवला.

डाव्या चाकाला साडेतीन तास लागले, उजव्याला पन्नास मिनिटं. उजव्याचं सांगण्यासारखं काही नाही, तिथे सगळं जिथल्या तिथे होतं.

बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. चाकाचे नट आमच्या पुस्तिकेप्रमाणे 85 न्यूटन मीटर, समोरासमोरचे, चाक जमिनीला टेकल्यावर. रेंचचा 'टक्' आवाज बापूंना फार आवडला. त्यांच्या काळी पान्यावर उभं राहून आवळायचे.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी विसरली तर अंगणातच भिंत गाठायची. पिस्टन मागे गेलेला असतो, म्हणून पहिल्यांदा ब्रेक दाबला की पॅडल थेट खाली जातं. गाडी जागची हलवण्याआधी ते पुन्हा पुन्हा दाबायचं. पहिल्या वेळी पायाखाली काहीच लागलं नाही. बापूंनी जे सांगितलं होतं ते माझ्या पायानं एक क्षणभर पाहिलं. दुसऱ्यांदा थोडं लागलं. चौथ्या-पाचव्यांदा पॅडल वरच घट्ट उभं राहिलं. डबीतलं तेल पाहून खुणेपर्यंत भरलं.

नवे पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना बसवावं लागतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाटणादेवीच्या रस्त्यानं गेलो. या बाजूला सकाळी वर्दळ नसते, दोन्हीकडे कपाशी, पुढे गौताळ्याचं जंगल. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानं पाटणला मठ काढला होता, तसा शिलालेख आहे. या रस्त्यावर मला दरवेळी त्याची आठवण येते. ताशी साठवर गाडी न्यायची, मागे कुणी नाही पाहायचं, पंधरापर्यंत दमदार ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, मध्ये थोडं अंतर नुसतं वारा खात जायचं. असं दहा वेळा. थांबून पॅडल दाबून धरलं तर तापलेला मसाला डिस्कवर एकाच जागी चिकटतो. बापू शेजारी बसून मोजत होते. सातव्यापासून पकडीतला फरक मलाही जाणवला आणि त्यांनाही. त्यांचा हात दारावरच्या दांडीवरून खाली आला.

गणपतीला मुलाला आणायला गेलो तेव्हा बापू हट्टानं सोबत आले. परतताना घाटात पाऊस नव्हता, डोंगर धुतल्यासारखे होते, ठिकठिकाणी पाणी पडत होतं. मी काही न सांगता दुसरा गियर टाकला. बापूंनी ते वाक्य या वेळी म्हटलं नाही. मुलगा मागे झोपला होता. एका वळणावर बापूंनी बोट दाखवलं, डोंगराच्या अंगाला, जिथे नाली आहे. मी मान हलवली. वळण मागे गेलं.

पायथ्याशी चहाला थांबलो. बापू चहा तसाच ठेवून गाडीकडे गेले, डाव्या चाकाजवळ तळहात नेला, न टेकवता, मग पुढून वळसा घालून उजव्याजवळ. पुन्हा डाव्याजवळ. एखादा ब्रेक सुटत नसेल तर ते चाक जास्त तापलेलं लागतं. मी टपरीतून पाहत होते.

परत आले, बसले आणि बशी उचलली.

"दोन्ही सारखीच शेतस," ते म्हणाले.